फळीवरचा किमोनो

मुलांनो, शाळेचा रबरी शिक्का उलटा करून पाहा. त्यावरील अक्षरे उलटी असतात. कागदावर उमटली म्हणजे ती सुलट होतात. एवढे ध्यानात ठेवले, की जपानमधील लाकडी फळ्यांवरून छापलेल्या चित्रांतील एक मौज तुम्हांस कळेल.

किमोनो हा जपानचा पारंपरिक पोशाख. त्याला गुंड्या नसतात. त्याच्या दोन्ही बाजू छातीवर एकीवर एक घेऊन कमरेला 'ओबी' नावाचा पट्टा बांधतात. डावी बाजू नेहमी वर असते. उजवी बाजू वर घेतात ती केवळ मृताला नेसविताना. आता, चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले चित्र कारागीर चेरीच्या फळीवर पालथे चिकटवितो आणि रेषा राखून बाकीचे लाकूड कोरून काढतो. त्यामुळे फळीवरील तरुणी मृताचा वेष ल्यालेली दिसते! कागदावर ठसा उमटला, की ती पुन्हा जिवंतांत येते.

१९१६ साली इतो शिनसुई या अठरा वर्षांच्या चित्रकाराचे 'ताइक्यो', म्हणजे 'आरशासमोर', हे चित्र टोकियोतील प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी छापवून घेतले. चित्रात आरसा नाहीच. आहे ती केस सावरणारी, लाल वस्त्रातील स्त्री. तो लाल रंग एका हाताने साधलेला नाही, थरावर थर देऊन तो असा गडद झाला आहे. प्रत्येक रंगाची फळी निराळी असते. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेस खाचा ठेवितात. फळीवर रंग व तांदळाची खळ पसरून वर ओलसर कागद ठेवितात आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या चपट्या चकतीने त्याची पाठ घासतात.

पण पांढऱ्या वस्त्रावरील पांढरी वेलबुट्टी कशी दाखवावी? तेथे फळीला रंगच लावीत नाहीत. कागद नुसता दाबतात. चित्र उजेडात तिरपे धरले, तरच नक्षीचा उठाव दिसतो. मला तर हेच काम सर्वांत नाजूक वाटते.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोच्या परिसरात महाभूकंप झाला. पाठोपाठ लागलेल्या आगीत वातानाबे यांचे दुकान, फळ्या आणि शिल्लक चित्रे जळून गेली. त्यांनी पुन्हा नव्या फळ्या कोरवून घेतल्या. शिनसुईंनीही पुढे अनेक वर्षे त्यांच्यासाठी चित्रे काढली.

आज जपानी स्त्रिया एरवी पाश्चात्त्य कपडे वापरतात. किमोनो बाहेर निघतो तो विवाहात, नववर्षाला किंवा जानेवारीतील प्रौढत्वदिनी. लाकडी फळ्यांवरून चित्रे छापणारे कारागीर मात्र आजही तेथे आहेत, आणि किमोनोची उजवी बाजू डावीवर येईल अशीच ते फळी कोरतात.