अंतरिम रक्कम आणि आजीवन हप्ते

शारीरिक इजेची भरपाई एकदाच व एकरकमी द्यावयाची, अशी इंग्लंडमधील न्यायालयांची जुनी परंपरा होती. तिच्यात दोन अडचणी होत्या. निकाल लागेपर्यंत जखमी माणसाच्या हाती काही पडत नसे, ही पहिली. आणि तो आणखी दहा वर्षे जगेल की चाळीस, हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे ठरवलेली रक्कम कालांतराने अपुरी तरी पडे किंवा जास्त तरी होई, ही दुसरी. १९७९ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सनेही ही दुसरी उणीव एका निकालात स्पष्टपणे मान्य केली.

पहिल्या अडचणीवरील उपाय म्हणजे अंतरिम रक्कम होय. विन समितीच्या १९६८ च्या अहवालानंतर १९६९ च्या कायद्याने तिची तरतूद झाली. प्रतिवादीने दायित्व कबूल केले असेल, किंवा वादीला भरीव भरपाई मिळेलच अशी न्यायालयाची खात्री पटली असेल, तर संभाव्य भरपाईचा वाजवी हिस्सा आगाऊ देता येतो.

दुसऱ्या अडचणीवरील उपाय नियतकालिक हप्त्यांचा. १९९६ च्या नुकसानभरपाई अधिनियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २००५ पासून न्यायालयाला, पक्षकारांची संमती नसतानाही, भावी आर्थिक नुकसानीपोटी असे हप्ते ठरवून देता येतात. हप्ते अखंड मिळत राहतील याची पुरेशी शाश्वती मात्र असली पाहिजे. महागाईबरोबर हप्ताही वाढतो. शुश्रूषेच्या खर्चाची वाढ किरकोळ किमतींऐवजी शुश्रूषा करणाऱ्यांच्या वेतनाशी जोडता येते, हे अपील न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले.

हे दोन उपाय कधीकधी परस्परांच्या आड येतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जखमी तरुणाची आजवरची हानी १,५०,००० पौंड, वेदनांची भरपाई २,५०,००० पौंड व सोयीच्या घराचा खर्च ४,००,००० पौंड आहे. शिवाय शुश्रूषेला दरवर्षी १,००,००० पौंड लागणार आहेत. चाळीस वर्षांच्या शुश्रूषेचा आकडा हिशेबात धरून मोठी अंतरिम रक्कम दिली, तर पुढे हप्ते ठरवताना न्यायाधीशाचे हात बांधले जातील; कारण हप्त्यांसाठी राखावयाचा पैसा आधीच भांडवल म्हणून खर्च झालेला असेल.

म्हणून २००९ मध्ये अपील न्यायालयाने क्रम घालून दिला. ज्या भावी नुकसानीसाठी हप्ते ठरण्याचा संभव आहे, ती प्रथम हिशेबातून वगळावी. वरील उदाहरणात ८,००,००० पौंड उरतात. अंदाज सावधपणे केला असेल, तर त्यांचा ९० टक्के हिस्सा, म्हणजे ७,२०,००० पौंडही देता येतील. याहून अधिक हवे असल्यास दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : अंतिम निकालातही एकरकमी भाग तेवढा मोठा राहील, आणि पैशाची गरज आजच आहे, निकालापर्यंत थांबणे शक्य नाही.

घराची निकड असलेल्या कुटुंबाला हा संयम कठोर वाटतो. परंतु आईवडील थकल्यावर त्या तरुणाची शुश्रूषा ज्या हप्त्यांवर चालावयाची, ते त्यामुळेच सुरक्षित राहतात.