चांदी खरी, साल खोटं

"चांदी खरी आहे ना, मग तक्रार कसली?" केडगावातल्या एका घरंदाज पेढीच्या मालकांनी मला हे भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. चांदी घ्यायला मी गेलोच नव्हतो. चांदी मला नगरच्या सराफ बाजारातही मिळाली असती. मी पैसे मोजले होते ते 1939 या सालाचे.

सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया किती दुर्मीळ, हे नाणी जमवणाऱ्याला सांगायला नको. 1938 चा मात्र सहज मिळतो. दोन्ही 91.7 टक्के चांदीचे, दोन्ही 11.66 ग्रॅमचे, म्हणजे बरोबर तोळ्याचे. (1940 पासून चांदी निम्म्यावर आली.) लबाडी इथेच शिरते. अस्सल 1938 चा रुपया घ्यायचा, आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढायची, की झाला नऊ! मग काटा लावा, कस लावा, सगळं बरोबरच येणार.

मालकांनी काटा लावून दाखवला. कसोटीवर घासायलाही निघाले होते, मी हात धरला. "गहाण पडून राहिलेला माल आहे भाऊ, आजोबांच्या काळातला. रेणुकामातेची शपथ." पावतीवर साल लिहा म्हटलं, तर "आमच्याकडे तशी पद्धत नाही" म्हणून 'जुना चांदीचा रुपया, 1 नग' एवढंच खरडलं.

घरी उन्हात भिंगाखाली धरला आणि डोकं सुन्न झालं. सालात नऊ दोनदा येतो. पहिल्या नऊच्या कडांना जुना काळा मळ अगदी घट्ट बसलेला. शेवटच्या नऊच्या डावीकडे मात्र मळाचा कणही नाही, जमीन चकचकीत आणि तिच्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे. बाकी रुपया जसाच्या तसा. पाऊणशे वर्षांहून जुनी वस्तू या लोकांनी नखाएवढ्या जागेसाठी नासवली, याचा मला पैशांइतकाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ओळख नाही, चहा नाही. "तुम्ही बघूनच घेतलंत की." धाकट्या मुलाने तर मीच घरी काहीतरी केलं असेल असं सुचवलं.

म्हणून सांगतो. साल तपासायचं ते दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, पायरीवर येऊन, भिंगाने. दोन्ही नऊ एकमेकांशी ताडून बघा. पेढीवरची बरीच नाणी माळेतून उतरवलेली असतात; वरच्या कडेला कडीचा डाग दिला होता का, ते बोट फिरवून पाहा. रिठ्याने उजळून दिलेलं नाणं घेऊ नका, संग्राहक त्याला चांदीच्या भावातच धरतो. शिवकालीन होन कोणी पिशवीतून काढून दाखवला, तर सरळ उठून या. घाई करू नका, हेही आलंच.

'गहाणाचा माल' म्हणाले की सावकारीचा परवाना बघायला मागा. गहाण सुटलं नाही तरी ठेवणाऱ्याला वाजवी नोटीस दिल्याशिवाय वस्तू विकता येत नाही, 1872 च्या करार कायद्यात तसं स्पष्ट आहे. नोटिशीचा विषय काढल्यावर आमच्या मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझा तर संशय आहे, तो रुपया कुणी गहाण ठेवलेलाच नसावा.

आणि पावती. तिच्यावर राजाचं नाव, साल, वजन आणि 'अस्सल' हा शब्द हवाच. लिहून देत नसतील तर पैसे खिशातच राहू द्या. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी अर्ज तयार केला आहे. भिंगातून काढलेले फोटो जोडलेत, आणि साल नसलेली ती पावतीही.