रहोबोथ, अथवा शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६:१२-३३.
पाठ करण्याचे वचन : उत्पत्ति २६:२२.



चैत्र-वैशाख आला म्हणजे गावोगावी पाण्याची ओरड सुरू होते, आणि मंडळ्यांत पावसाकरिता प्रार्थना होऊ लागतात. ह्या प्रार्थना योग्यच आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यात देवाने जे पाणी दिले त्याचे आपण काय केले, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. तो विचारावा म्हणून हा पाठ निवडला आहे.

पाठाची हकीकत

देशात दुष्काळ पडला असता इसहाक गरार येथे जाऊन राहिला. तेथे त्याने पेरणी केली व देवाच्या आशीर्वादाने त्यास शंभरपट पीक आले. त्याची भरभराट पाहून पलिष्टी हेवा करू लागले. त्याचा बाप अब्राहाम ह्याच्या वेळच्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. आता राजाने इसहाकास निघून जाण्यास सांगितले. तो खोऱ्यात उतरला आणि प्रथम बापाच्याच विहिरी त्याने पुन्हा उकरल्या. नंतर त्याच्या चाकरांस जिवंत झरा लागला, तेव्हा गरारचे गुराखी पाण्यावर हक्क सांगून भांडले. त्या विहिरीचे नाव एसेक पडले. दुसरीवरही तंटा झाला; तिचे नाव सिटना. तिसरीवर कोणी भांडले नाही, म्हणून तिला त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, हे नाव दिले. शेवटी तोच राजा सलोखा करावयास त्याच्या दारी आला.

बोध पहिला : बुजलेली विहीर आधी उकरावी

इसहाकाने नव्या पाण्याचा शोध करण्यापूर्वी जुने पाणी मोकळे केले, हे ध्यानात घ्या. आपल्या गावांतील जुने आड व विहिरी आज कशाने बुजल्या आहेत? पलिष्टी येऊन गेले नाहीत. आपणच केरकचरा, फुटके सामान व प्लास्टिकच्या पिशव्या त्यांत टाकितो, आणि मग नव्या बोअरसाठी कर्ज काढितो. गाळ काढणे, कठडा दुरुस्त करणे, बांध घालून शिवारातील पाणी मुरविणे, ही कामे कष्टाची असली तरी सावकाराकडे जाण्याहून हलकी आहेत.

बोध दुसरा : पाणी शेताच्या बांधाशी थांबत नाही

आपल्या दख्खनचा बहुतेक प्रदेश काळ्या कातळाचा आहे. ह्या कातळात वाळूप्रमाणे सर्वत्र पाणी मुरत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमात व खालच्या भेगांत जेवढे मावेल तेवढेच राहते, आणि ते मुख्यत्वे ज्येष्ठ ते आश्विन ह्या महिन्यांच्या पावसाने भरते. एकाच भेगेवर आपली बोअर, शेजाऱ्याची विहीर व वस्तीचा हापसा अवलंबून असू शकतो. जमिनीचा सातबारा एकाच्या नावाचा असेल; खालच्या भेगेचा सातबारा कोणाच्याही नावाचा नाही.

आता थोडा हिशेब करू. एक एकर रानात एक इंच पाणी उभे करावयाचे तर सुमारे एक लाख लिटर लागते. दर माणशी दररोज ५५ लिटर धरिले तर ४०० माणसांच्या वस्तीस तेवढे पाणी चार दिवसांहून अधिक पुरते. ऊस पिकविण्यास पाऊस व पाट मिळून सुमारे ६० ते १०० इंच पाणी लागते. ज्वारीस सुमारे १८ ते २६ इंच. म्हणजे कोणते पीक घ्यावे हा प्रश्न केवळ आपल्या घरखर्चाचा राहत नाही. खालच्या वस्तीतील घागरी भरतील की रिकाम्या राहतील, हेही त्यानेच ठरते.

येथे आम्हांस आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका सभासदाने कर्ज काढून बोअर घेतली. पाणी लागले, आणि आम्ही शेतात जाऊन उपकारस्तुती केली. त्याने ऊस लाविला. पुढच्या वैशाखात, तीनशे पावलांवरचा वस्तीचा हापसा कोरडा पडला. एक म्हातारी रिकामी घागर घेऊन आमच्या दाराशी आली व म्हणाली, "पाळकसाहेब, त्यांच्या पाण्यासाठी तुम्ही देवाचे आभार मानले. आमच्या हापशाचे आता कोणाला सांगू?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ती तीनशे पावले आम्ही प्रार्थनेपूर्वी मोजलीच नव्हती.

कायदाही आम्हांस ठाऊक नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर घेऊ नये, असे महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने ठरले होते. २००९ च्या कायद्यातही अशा स्रोतांच्या रक्षणाची तजवीज आहे. तो सभासद देवभीरू मनुष्य होता. त्याने ऊस मोडून ज्वारी व हरभरा धरिला आणि उन्हाळ्यात मोटार बंद ठेविली. दुसऱ्या वर्षी हापसा सबंध उन्हाळा चालला असे नाही, परंतु वैशाख अर्धा होईपर्यंत चालला. त्याचे उत्पन्न घटले, हेही खरे आहे. स्वार्थत्यागास किंमत पडत नाही असे आम्ही शिकवीत नाही.

बोध तिसरा : रहोबोथ आपण निर्माण करावयाचे आहे

इसहाकापुढे मोकळे खोरे होते; एक विहीर सोडून तो पुढे जाऊ शकला. आपल्यापुढे तसे खोरे उरलेले नाही. दोनशे फुटांखाली पाणी सरले म्हणून चारशे फुटांवर जाणे म्हणजे पुढे जाणे नव्हे. ते शेजाऱ्याच्या भेगेतले पाणी ओढणे होय. यास्तव आपल्या काळी ऐसपैस जागा एकाच रीतीने होते : आपण थोडे कमी घेतल्याने.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याने हिवरे बाजारकडे पाहावे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हे कमी पावसाचे गाव. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावाने डोंगरावरील मोकाट चराई व झाडतोड बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही असे ठरविले, ऊस व केळी सोडली, आणि पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची चाल पाडली. त्यात पिण्याचे पाणी पहिले. जे गावकऱ्यांनी ग्रामसभेत केले, ते ख्रिस्ताचे म्हणविणाऱ्यांस कठीण का वाटावे?

शिवाय पाण्याच्या बाबतीत आपल्या लोकांवर दुहेरी ऋण आहे. ज्यांच्या वाडवडिलांस गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवू देत नसत, असे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्याच हक्कासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. आणि खेड्यांत टिकेल असा लोखंडी हापसा घडविण्याच्या कामी जालना व सोलापूर येथील मिशनच्या लोकांनी आरंभीचे श्रम घेतले. त्यावरून पुढे १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार होऊन देशभर बसविला गेला. ज्यांस पाणी नाकारले गेले व ज्यांस पाणी पाजले गेले, त्यांच्याच मोटारीने दुसऱ्याचा हापसा आटावा काय?

उपदेशकांसाठी सूचना

ह्या आठवड्यात सभासदांस बरोबर घेऊन गावचे सर्व पाणवठे फिरून पाहावे. कोणता चालू, कोणता आटला व कोणता केराने बुजला, ह्याची यादी करावी. एक बुजलेला आड निवडून तो साफ करण्याचा दिवस ठरवावा, व गावातील इतर धर्मांच्या शेजाऱ्यांसही बोलवावे. हापशाभोवती सांडणारे पाणी मोरी काढून एखाद्या झाडास द्यावे.

मननार्थ प्रश्न

१. इसहाकाने नवी विहीर खणण्यापूर्वी काय केले?
२. एसेक व सिटना ही नावे आपल्या गावातील कोणत्या पाणवठ्यास लागू पडतात?
३. आपल्या शेतातील विहिरीपासून सर्वांत जवळचा पिण्याच्या पाण्याचा स्रोत किती पावलांवर आहे? घरी जाताना मोजून पाहा.
४. पुढील हंगामात कोणते पीक घेतल्याने शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी उरेल?

पावसाकरिता प्रार्थना करीत राहू या. पण जो पाऊस येईल तो सर्वांचा आहे हे मान्य करून ती करू या, म्हणजे आपल्या विहिरीसही रहोबोथ हे नाव शोभेल.