सहकाऱ्याचा स्वभाव ओळखू या



नोकरी करणारी माणसे दिवसाचे आठ-दहा तास सहकाऱ्यांच्या सोबतीत काढतात. घरच्यांच्या वाट्यालाही कधी कधी इतका वेळ येत नाही. तरीही ह्या सहकाऱ्यांशी कसे बोलावे ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्हीही केला नव्हता. त्याची किंमत मोजल्यावर मात्र डोळे उघडले.

आम्ही स्वभावाने घाईचे. आमच्या कार्यालयात हिशेब पाहणारे एक ज्येष्ठ सहकारी प्रत्येक कागद तीनदा तपासत. एका मार्चअखेरीस भर बैठकीत आम्ही त्यांना म्हणालो, "अहो, किती घोळ घालता! हो की नाही, एवढेच सांगा." ते क्षणभर थांबले आणि "हो" म्हणाले. पुढच्या महिन्यात उघड झाले की, एका पुरवठादाराला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले होते. "मला शंका आली होती," ते शांतपणे म्हणाले, "पण ऐकायला तुम्हांला वेळ नव्हता." पैसे परत मिळाले. त्यांचा विश्वास परत मिळवायला मात्र वर्ष लागले.

त्यांचा हेतू चांगला होता, आमचाही वाईट नव्हता. फरक होता तो बोलण्याच्या आणि काम करण्याच्या पद्धतीत.

विल्यम मार्स्टन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1928 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात माणसाच्या वागण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. पुढे इतरांनी त्यावरून प्रश्नावल्या तयार केल्या. आज अनेक कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत ही पद्धत 'डिस्क' ह्या नावाने शिकवली जाते. आपल्याला प्रश्नावलीची गरज नाही. दोन गोष्टी पाहिल्या तरी पुरे: समोरची व्यक्ती घाईने चालते की सावकाश? आणि तिचे लक्ष आधी कामाकडे जाते की माणसांकडे? ह्यातून चार स्वभाव दिसतात.

1. धडाडीचा: घाई आणि काम. ह्यांना निकाल हवा असतो. लांबण लावलेली आवडत नाही.

2. बोलका: घाई आणि माणसे. उत्साही, कल्पना भरपूर. बारीकसारीक तपशील मात्र विसरतात.

3. स्थिर: सावकाश आणि माणसे. सर्वांना सांभाळून घेणारे. अचानक बदल झाला की गोंधळतात, पण तोंडाने सांगत नाहीत.

4. काटेकोर: सावकाश आणि काम. पुरावा, आकडे व नियम ह्यांवर भर. चूक होण्याची त्यांना धास्ती असते.

आता समजा, एक अहवाल शुक्रवारपर्यंत हवा आहे. मागणी एकच, पण ती चार प्रकारे करता येते. धडाडीच्या व्यक्तीला सांगावे, "शुक्रवारी अहवाल हवा. कसा करायचा ते तुम्ही ठरवा." बोलक्या सहकाऱ्याशी दोन मिनिटे गप्पा माराव्यात, त्याची कल्पना ऐकावी आणि ठरलेली तारीख कागदावर लिहून द्यावी. स्थिर स्वभावाच्या व्यक्तीला सोमवारीच सांगावे, "तुमच्या हातात आणखी काय काम आहे? काही अडले तर मी आहे." काटेकोर व्यक्तीला मागच्या वेळचा नमुना द्यावा, कोणते आकडे हवेत ते स्पष्ट सांगावे आणि शंका विचारायला वेळ द्यावा.

ह्यात ढोंग नाही. आजीशी आपण एका तऱ्हेने बोलतो, लहान मुलाशी दुसऱ्या. तेवढेच भान कार्यालयात ठेवायचे.

परंतु एक धोका आहे. स्वभाव ओळखता येऊ लागला की आपण शिक्के मारू लागतो: "तो तसलाच!" कोणीही माणूस एका चौकटीत पूर्ण मावत नाही. प्रत्येकात चारही छटा थोड्याफार असतात. कार्यालयात मुकी वाटणारी व्यक्ती घरी गप्पांचा फड रंगवत असेल. एखादा नेहमीचा हसतमुख सहकारी आज घरच्या आजारपणामुळे गप्प असेल. म्हणून ही विभागणी अंदाजापुरती वापरावी, निवाड्यासाठी नव्हे. तसेच "माझा स्वभावच असा आहे" ही सबब उद्धटपणासाठी चालणार नाही. पद्धत ओळखायची ती स्वतःला बदलण्यासाठी, दुसऱ्याला बदलण्यासाठी नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही दोनच गोष्टी केल्या. आधी त्या सहकाऱ्यांची माफी मागितली, तीही बैठकीत, कारण अपमान बैठकीतच झाला होता. मग बैठकीचे विषय त्यांना एक दिवस आधी कळवू लागलो आणि शेवटी विचारू लागलो, "तुम्हांला कुठे शंका वाटते का?" पहिले काही महिने ते "नाही" एवढेच म्हणत. एके दिवशी त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "हो, तीन ठिकाणी." त्या दिवशी आम्हांला हायसे वाटले.

ह्या आठवड्यात करून पाहू या:

- ह्या चारांपैकी माझा स्वभाव कोणता? त्याचा त्रास कोणाला होत असेल?

- ज्याच्याशी माझे पटत नाही, अशा एका सहकाऱ्याला काय हवे असते: निकाल, दाद, आधार की तपशील?

- त्याच्याशी पुढच्या वेळी बोलताना माझे पहिले वाक्य काय असेल? ते आजच लिहून ठेवू या.