निखारे आणि बंद खोली

वर्गात अपूर्ण ज्वलन शिकवताना मी फळ्यावर समीकरण लिहितो आणि खडू खाली ठेवतो. पुढचा भाग पुस्तकात नाही. तो माझ्या घरात घडला आहे. आता छात्र हिवाळी सुट्टीला घरी निघतील आणि हे पान पालकही वाचतात, म्हणून तो इथे लिहितो.

डोंगरातल्या नोकरीचा तो माझा पहिलाच हिवाळा. सातारच्या माणसाची थंडी म्हणजे स्वेटर आणि शेकोटी; इथे रात्री नळातले पाणी गोठत होते. त्यात वीज गेली. शेजाऱ्यांनी अंगीठी दिली, म्हणजे आपली शेगडी. लोणारी कोळसा मी व्हरांड्यात पेटवला, धूर जाऊ दिला आणि निखारे लालभडक झाल्यावरच ती आत आणली. धूर संपला म्हणजे धोका संपला, असे मी, रसायनशास्त्राचा शिक्षक, धरून चाललो. दाराखालची फट पोत्याने आणि खिडकीच्या फटी वर्तमानपत्राने बुजवल्या. कोपऱ्यात पाण्याचे पातेले ठेवले, कारण सगळेच ठेवतात.

पहाटे केव्हातरी धाकटी रडू लागली. "अहो, माझं डोकं फुटतंय, उठवत नाहीये," असे पत्नी म्हणाली. मलाही मळमळत होते, आणि खरे सांगायचे तर उठावेसेच वाटत नव्हते. दारापर्यंत चार पावले, पण गुडघे सावरेनात. कडी काढायला तीन वेळा हात घालावा लागला. तिघेही रजईसकट व्हरांड्यात येऊन बसलो. उजाडल्यावर एमआय रूममध्ये गेलो, तिथे ऑक्सिजन लावला.

आता समीकरणाकडे येऊ. कोळशाला भरपूर हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो, हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. शिवाय तळाशी तयार झालेला डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना पुन्हा मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर कधी छोट्या निळ्या ज्योती नाचताना दिसतात, तो हाच वायू जळत असतो. जो जळत नाही तो खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. धूर निदान खोकला आणून जागे तरी करतो! हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असल्याने खाटेवर झोपा की जमिनीवर, फरक नाही. पाण्यात तो नाममात्र विरघळतो. पातेल्याचा उपयोग शून्य.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून थोडासा वायूही शरीराचा ऑक्सिजन अडवतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि शेकोटीच्या उबेने डोळा लागतोय असे वाटते. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त. घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, ताप कोणालाच नाही आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते, तर शंका घ्याच.

करोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. इथे त्यावर विसंबू नका. मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालेच वाटते. माणूस बेशुद्ध असतानाही ते ९८ दाखवू शकते.

असा माणूस सापडला तर दारे-खिडक्या उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणा. आत रेंगाळू नका. श्वास बंद असेल तर छात्रांना शिकवलेले सीपीआर सुरू करा, दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावावा. बेशुद्धाच्या तोंडात लिंबूपाणी, ताक काहीही घालू नये. डॉक्टरांना "खोलीत कोळसा पेटवला होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास.

महाराष्ट्रातल्या पालकांना वाटेल, आमच्याकडे कुठे अंगीठी? तुमच्याकडे गॅस गीझर आहे. बंद न्हाणीघरात तोही हेच करतो. तो बाहेर बसवून घ्या. तोवर बादली भरा, गीझर बंद करा, मग अंघोळीला जा, आणि झरोका उघडा ठेवा. आत गेलेले माणूस बराच वेळ आले नाही तर हाक मारा. बंद गॅरेजमध्ये जनरेटर किंवा गाडी चालू ठेवणे हाही तोच प्रकार.

"सर, मग थंडीत करायचं काय?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. बुखारी असेल तर तिचा धुराडा बाहेर निघालेला हवा, आणि हिवाळ्याआधी त्यातली काजळी नि पक्ष्यांची घरटी काढलेली हवीत. शेगडीच असेल तर खिडकी उघडी ठेवून शेका आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर ठेवा. विझल्यासारखे दिसणारे निखारेही वायू सोडत असतात. मग दोन रजया, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी. इथल्या बांधकामावरची कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत शेगडी घेऊन झोपतात. गेल्या वर्षी दोन छात्रांनी त्यांना हिंदीतून हे समजावले. तिथल्या एका आजींना पातेल्याचे मात्र काही केल्या पटले नाही, तेव्हा मुलांनी पातेले राहू दिले आणि शेगडी बाहेर नेऊन ठेवली.