मोटारीतली वीज घरात आणताना

पावसाळा लागला की आमच्या अनगोळात अधूनमधून 'करंट गेला' ही आरोळी ठरलेलीच. (आपल्या कानडी विभागातले मित्र 'करेंट होय्तु' म्हणतात, शब्दही एकच आणि अंधारही एकच!) बहुधा तासा-दोन तासांत वीज येते. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आले, तेव्हा नदीकाठच्या गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी घरात कोणी आजारी असेल, नेब्युलायझर चालवावा लागत असेल, तर नुसत्या मेणबत्तीने भागत नाही. "सर, गाडी दारात उभी आहे, तिच्यावर घर का चालू नये?" असे विद्यार्थी मला वरचेवर विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

कल्पना नवी नाही. १९८७-८८ साली दूरदर्शनवर 'रामायण' चालू असताना खेड्यापाड्यांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर बारा व्होल्टचा लहान टीव्ही लावीत. तिथे काम सोपे होते. बॅटरीही बारा व्होल्टची आणि टीव्हीही. आज आपल्याला २३० व्होल्टचा पंखा चालवायचा असतो, म्हणून मध्ये इन्व्हर्टर लागतो, आणि भानगडी तिथून सुरू होतात.

प्रथम हिशेब पाहू. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. बारा व्होल्टने गुणले की ४२० वॉट-तास, म्हणजे अर्धा युनिटसुद्धा नाही. शिवाय ही बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी केलेली. एक तृतीयांशाहून अधिक उपसली तर लवकर खराब होते आणि गाडीही सुरू होत नाही. म्हणजे हाती राहिले १४० वॉट-तास. दोन दिवे, एक पंखा आणि मोबाईल मिळून १५० वॉट धरले, तर इंजिन बंद ठेवून पाऊण तासात खेळ आटोपला. इंजिन चालू ठेवले तर अल्टरनेटर वीज देतो, पण उभ्या गाडीत तो आपल्या पूर्ण ताकदीने चालत नाही. माझ्या मते ३०० वॉटच्या वर जाऊ नये. फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार यांचे नावच काढू नये. मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. आणि तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाते ते वेगळेच. एका लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट उष्णता असते, त्यातून आपल्या पदरात जेमतेम पाव ते अर्धा युनिट पडतो. बाकी सारी उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर!

आता तारेचा प्रश्न. पुष्कळांना वाटते, इन्व्हर्टर घरात ठेवावा आणि बॅटरीपासून लांब तार ओढावी. हे अगदी उलट आहे. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या; तिचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम. गाडी वीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा ओहम. बारा व्होल्टवर ३०० वॉटसाठी २५ अँपिअर लागतात. ओहमच्या नियमाने गुणाकार करा: २५ गुणिले ०.४८, बरोबर १२ व्होल्ट. सगळा दाब तारेतच संपला! प्रत्यक्षात काय होते? दिवा लागत नाही आणि तार मात्र तापते. तेच ३०० वॉट २३० व्होल्टवर नेले तर प्रवाह फक्त १.३ अँपिअर आणि घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास. म्हणून इन्व्हर्टर गाडीजवळ, जाड व आखूड तारेने बॅटरीला जोडलेला, धन टोकाजवळच फ्यूज. आणि घरात यावी ती २३० व्होल्टची एक्स्टेन्शन. सिगारेट लायटरच्या भोकातून १००-१२० वॉटपेक्षा जास्त मागू नये.

ही एक्स्टेन्शन घरात आली की दिवा-पंखा थेट तिच्याच बोर्डावर लावावा. इथेच मोह होतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली तार करून एक टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसले की साऱ्या घरात उजेड पडतो. असे काही केल्यास घरातली वीज मीटरमधून उलट खांबावर जाते. "शेजाऱ्यांचा भार पडून इन्व्हर्टर आपोआप बंद होईल" असे काही जण म्हणतात. होईलही, पण वादळात तार मध्येच तुटली असेल, किंवा खांबावरचा फ्यूज काढून ठेवला असेल, तर भार पडणार कुणाचा? हेस्कॉमचा पॉवरमन (लाईनमनला आपल्या राज्यात हे नाव आहे) भर पावसात ओल्या खांबावर चढून, लाईन बंद आहे असे समजून तार हातात घेतो. त्याला मारायला २३० व्होल्ट पुरेत. ट्रान्सफॉर्मर तर दोन्ही बाजूंनी काम करतो. ११,००० व्होल्ट खाली आणणारे यंत्र उलट दिशेने हजारो व्होल्ट तयार करू शकते. शिवाय त्या तारेची मोकळी पिन तुमच्याच हातात जिवंत असते. घराच्या वायरिंगलाच वीज द्यायची असेल तर परवानाधारक कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यात एका वेळी खांब किंवा गाडी, एकाचीच जोडणी होते.

दुसरा शत्रू दिसत नाही. चालू इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्याने माणसे दगावली. आपल्याकडे पावसामुळे शेडचे पत्रे लावलेले, खिडक्या बंद आणि अपार्टमेंटच्या खाली पार्किंग, वर झोपलेली घरे. गाडी मोकळ्यावर, धुराडे घराच्या उलट दिशेला, एवढे जमत नसेल तर इंजिन चालू करूच नये.

विजेवर चालणाऱ्या गाडीत हा धूर नाही. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर निस्सानने २०१२ साली 'लीफ' गाडीच्या २४ युनिटच्या बॅटरीवर घर चालवण्याची सोय बाजारात आणली. आपल्याकडे २०२३ मध्ये टाटाच्या नेक्सॉन गाडीत बाहेर वीज देण्याची सोय आली. ३० युनिटच्या बॅटरीवर दिवसाला दोन युनिट खर्चणारे घर आठवडाभर सहज निघेल. पण भिंतीतल्या सॉकेटचा नियम तिलाही तोच.

करंट आला की आधी बोर्डावरची उपकरणे काढावीत, मग इन्व्हर्टर बंद करावा, मग इंजिन. आणि शेवटी बॅटरीचे चिमटे, त्यातही ऋण टोकाचा आधी.