गिअरबॉक्स उतरवण्याआधी

सत्तरच्या दशकातल्या शेव्हरलेत बहुधा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स असतो. १९६९ च्या मॉडेलांपासून आलेला. यात कॉम्प्युटर नाही. गिअर कधी पडायचा ते तेलाचा दाब, इंजिनचा व्हॅक्यूम आणि गव्हर्नर ठरवतात. म्हणून बरीचशी दुखणी बॉक्स न उतरवताच सापडतात.

काय करावे

• आधी तेल. गाडी तापलेली, जागा सपाट. लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कमध्ये आणा आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढा. इंजिन बंद असेल तर पातळी खोटी दिसते.

• वास घ्या. करपट वास आणि तपकिरी रंग असेल तर क्लच जळू लागलेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय.

• गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात? बॉक्सच्या उजव्या अंगाला मागे व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. त्याची नळी उपसा. आत लाल तेल दिसलं तर पडदा फाटलाय, मॉड्युलेटर बदला. हे तेल इंजिन ओढून जाळतं: जमिनीवर थेंब नाही, पातळी मात्र उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. लोक उगाच हेड गॅस्केट खोलत बसतात. नळी कोरडी निघाली तर तिच्या टोकांचे रबरी जोड वाकवून बघा, भेगा तिथेच पडतात. मग गेज लावा. निरोगी इंजिन आयडलला साधारण १५ ते २० इंच व्हॅक्यूम देतं. कमी भरला तर टायमिंग आणि कार्बोरेटर तपासा.

• गाडी पहिल्यातच अडकून राहते? गव्हर्नर बघा. डावीकडे, तारेच्या क्लिपने धरलेल्या गोल झाकणाखाली. गाडीखाली झोपूनच निघतो.

काय टाळावे

• खुणेच्या वर तेल भरू नका. फेस होतो, आणि फेसाला दाब धरत नाही.

• धक्का स्टार्ट विसरा. तेलाचा पंप इंजिनवर फिरतो, चाकांवर नाही. टोचन करायचं तर मागची चाकं उचलूनच.

• गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवर माझा भरवसा नाही.

• ३५० ची सवय ७००आर४ या नंतरच्या ऑटोमॅटिक बॉक्सला लावू नका. ३५० ची केबल फक्त किकडाउनची. तुटली तरी घर गाठता येतं. १९८२ पासूनच्या ७००आर४ मध्ये केबलवरच तेलाचा दाब ठरतो. ती सैल ठेवून गाडी पळवली तर क्लच जळतात. आधी केबल बसवा, मगच गाडी हलवा.